तुमच्या विभागाची वेबसाइट शेवटची कधी बदलली? साध्या प्रश्नामागचं मोठं दुखणं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पदव्युत्तर प्रवेशाचा फॉर्म भरायला मी रात्रीच्या एसटीने एका विद्यापीठात गेलो होतो. खिशात पाचशे रुपयांचा डीडी होता, कारण विभागाच्या वेबसाइटवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. खिडकीतल्या काकांनी डीडी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, हे दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. आता सगळं ऑनलाइन." मी मोबाइलवर ते पान उघडून दाखवलं. काका हसले. "ते पान कोण बघतं?"

मी बघतो ना! बाहेरगावाहून येणारा प्रत्येक जण बघतो. ज्याचा दादा-ताई त्या विद्यापीठात शिकलेले नाहीत, ज्याच्या ओळखीचं तिथे कुणी नाही, त्याला विभागाची वेबसाइट हीच एकमेव ओळख असते. आणि नेमकी तीच जुनी निघाली तर फटका त्यालाच बसतो.

आज याच विषयावर बोलूया. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाची वेबसाइट शिळी का होते, ती ताजी ठेवायचं नियोजन कसं करायचं, आणि तोपर्यंत तुम्ही-आम्ही मोबाइलवर काय काळजी घ्यायची.

हा विषय आत्ता का?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, देशातल्या ५४ राज्य खासगी विद्यापीठांची नावं 'डिफॉल्टर' म्हणून जाहीर केली. कारणं दोन. एक, आयोगाने मागितलेली माहिती त्यांनी दिली नाही. दोन, वेबसाइटवर जी माहिती सर्वांसाठी खुली ठेवायला हवी होती ती ठेवली नाही.

याची मुळं जून २०२४ मध्ये आहेत. तेव्हा यूजीसीने 'पब्लिक सेल्फ डिस्क्लोजर'च्या मार्गदर्शक सूचना काढल्या. यूजीसीची अपेक्षा साधी आहे. वेबसाइट चालू असावी, माहिती होमपेजवरून सहज सापडावी, ती बघायला लॉगिन किंवा नोंदणी लागू नये, आणि सर्चची सोय असावी.

पाऊल चांगलं आहे, शंकाच नाही. पण बारकाईने बघा. अशी यादी तयार करताना विचारला जाणारा प्रश्न असतो: "माहिती वेबसाइटवर आहे का?" विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा असतो: "ही माहिती आजची आहे का?"

या दोन प्रश्नांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रश्नावर पास झालेली वेबसाइट दुसऱ्या प्रश्नावर सपशेल नापास होऊ शकते. रकाना भरलेला आहे, पण आतली फी तीन वर्षांपूर्वीची आहे. खरं तर काहीच नसतं तर विद्यार्थ्याने फोन करून विचारलं असतं. चुकीची माहिती असली की तो विचारतही नाही, थेट त्यावर विश्वास ठेवतो.

जुन्या पानाची किंमत कोण मोजतं?

गेल्या काही वर्षांत उच्च शिक्षणाचे नियम इतक्या वेगाने बदललेत की एक वर्ष दुर्लक्ष झालं तरी पान चुकीचं ठरतं. चार उदाहरणं पाहूया.

एम.फिल.: यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने एम.फिल. बंद केली. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने पुन्हा बजावलं की ही आता मान्यताप्राप्त पदवी नाही. आता एखाद्या विभागाच्या 'आमचे अभ्यासक्रम' या पानावर एम.फिल. तशीच राहिली असेल, तर ते पान विद्यार्थ्याला न मिळणाऱ्या पदवीचं स्वप्न दाखवतंय.

पीएच.डी. प्रवेश: जून २०२४ च्या सत्रापासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही वापरता येऊ लागले. पात्र उमेदवारांच्या तीन श्रेणी झाल्या. त्यातल्या जेआरएफ नसलेल्या दोन श्रेणींचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विभागाच्या पानावर अजून फक्त 'पेट'चीच माहिती असेल आणि नेटवाल्यांनी काय करायचं याचा पत्ताच नसेल, तर त्या एका वर्षातले महिने असेच वाया जाणार.

मुलींचं शुल्क: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांमधल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. आधी ती ५० टक्के होती. आता विचार करा, एमबीए विभागाच्या पानावर अजून '५० टक्के' लिहिलेलं आहे. घरी बसून बाप-लेक ते पान वाचतायत, वहीवर हिशेब मांडतायत, आणि "जमणार नाही गं" म्हणून फोन बाजूला ठेवतायत. ही मुलगी कुठल्याच आकडेवारीत येणार नाही, कारण तिने अर्जच केला नाही.

अभ्यासक्रम: राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांची नवी रचना २०२३-२४ पासून लागू झाली. म्हणजे जुना पॅटर्न आणि नवा पॅटर्न अशा दोन्ही पीडीएफ वेबसाइटवर असणार. त्यातली कुठली कुणासाठी, हे लिहिलेलं नसेल तर नव्या मुलाने जुन्या पेपरची तयारी केली म्हणून त्याला दोष कसा देणार?

नियम आहेत, अगदी स्पष्ट आहेत

"वेबसाइट अपडेट करा" ही विद्यार्थ्यांची लाडिक मागणी नाही. तिला कायद्याचा आधार आहे.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की सार्वजनिक संस्थांनी ठरावीक माहिती कुणी न मागताच प्रसिद्ध करायची आणि ती दरवर्षी अद्ययावत करायची. सरकारी विद्यापीठं या कायद्याखाली येतात.

यूजीसीची २०२३ ची विद्यार्थी तक्रार निवारण नियमावली त्याहून नेमकी आहे. प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाली पाहिजे. त्यात जागा किती, पात्रता काय, फी किती, शिक्षक कोण, त्यांचं शिक्षण आणि अनुभव किती, ते नियमित आहेत की अभ्यागत, हे सगळं असायला हवं.

जरा हिशेब करा. प्रवेश १५ जूनला सुरू होणार असतील तर ६० दिवस आधी म्हणजे १६ एप्रिल. त्या तारखेला पुस्तिका तयार हवी तर काम मार्चमध्ये सुरू व्हायला हवं. आणि मार्चमध्ये विभागात काय चालू असतं? प्रात्यक्षिकं, अंतर्गत गुण, परीक्षांची धावपळ. नियोजन नसेल तर ही तारीख हुकणारच.

मग घोडं अडतं कुठे?

बऱ्याच जणांना वाटतं, वेबसाइट जुनी म्हणजे तंत्रज्ञान जुनं. तसं नाहीये. एका पानावरचा आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात. अडचण वेगळीच आहे: ते काम कुणाच्याच नावावर नसतं.

वेबसाइट बनवायला पैसे मिळतात, निविदा निघते, उद्घाटन होतं, फोटो येतो. ती चालवायला मात्र ना पैसे, ना माणूस. मग विभागातला जो कुणी तरुण असेल आणि ज्याला 'कॉम्प्युटरमधलं कळतं', त्याच्या गळ्यात ती पडते. अनेकदा तो तासिका तत्त्वावरचा शिक्षक असतो. त्याला पैसे मिळतात घेतलेल्या तासांचे, वेबसाइटचे नाही. पुढच्या वर्षी त्याची नेमणूक झाली नाही की त्याच्यासोबत पासवर्डही जातो.

दुसरी अडचण म्हणजे एकच माहिती अनेक ठिकाणी. फी विद्यापीठाच्या मुख्य वेबसाइटवर आहे, विभागाच्या पानावर आहे, माहितीपुस्तिकेच्या पीडीएफमध्ये आहे आणि 'नेहमीचे प्रश्न' या पानावरही आहे. बदल झाला की एका ठिकाणी दुरुस्त होतो आणि तीन ठिकाणी तसाच राहतो.

तिसरी अडचण म्हणजे वेबसाइट कुणासाठी आहे याचा गोंधळ. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २०१० मध्ये 'एक्सकेसीडी' या आपल्या मालिकेत एक गाजलेलं चित्र काढलं. दोन वर्तुळं. एकात विद्यापीठाच्या होमपेजवर काय असतं: कॅम्पसचे फोटो, अध्यक्षांचं पत्र, माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या. दुसऱ्यात लोक काय शोधायला येतात: अर्ज, शैक्षणिक कॅलेंडर, शिक्षकांचे फोन आणि ईमेल, नीट वापरता येईल असा नकाशा. दोन्ही वर्तुळांत सामायिक गोष्ट एकच, संस्थेचं पूर्ण नाव! इतकी वर्षं झाली, पण आपल्याकडच्या कितीतरी विभागांची होमपेज उघडली की हेच चित्र आठवतं. सत्काराचे फोटो सरकतायत आणि वेळापत्रक कुठे आहे ते सापडत नाही.

आणि चौथी, 'पाहुणे येणार' मानसिकता. नॅकची समिती येणार म्हटलं की रात्री जागून वेबसाइट सजते. समिती गेली की पुन्हा सामसूम. दिवाळीला घर रंगवायचं आणि वर्षभर केर काढायचा नाही, तसलाच प्रकार.

नियोजन कसं दिसायला हवं?

आता मुख्य मुद्दा. समजा एका विभागाची वेबसाइट ६० पानांची आहे. ती ताजी ठेवायला मोठी टीम लागते का? चला, पायरी पायरीने बघू.

१. आधी यादी करा. नवीन डिझाइन, नवीन रंग हे सगळं नंतर. एका साध्या स्प्रेडशीटमध्ये सगळी ६० पानं आणि सगळ्या पीडीएफ लिहून काढा. प्रत्येकापुढे तीन रकाने: शेवटचा बदल कधी, माहिती कुठून येते, जबाबदार कोण. हे करतानाच निम्मा आजार समजतो. एकच सूचना चार वेळा अपलोड झालेली सापडते. कुणीच न उघडलेली 'लवकरच येत आहे' अशी पानं सापडतात.

२. प्रत्येक पानाचा निकाल लावा. पर्याय चारच: ठेवा, दुरुस्त करा, दुसऱ्यात मिसळा, किंवा संग्रहात टाका. इथे एक काळजी हवी. जुनं म्हणजे टाकाऊ असं नाही. २०१९ चा अभ्यासक्रम नव्या मुलाच्या कामाचा नाही, पण बॅकलॉग राहिलेल्याला तोच लागतो. परदेशात शिकायला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्याला आपण नेमकं काय शिकलो हे दाखवायला तीच पीडीएफ लागते. म्हणून ती उडवायची नाही. 'जुने अभ्यासक्रम' अशा वेगळ्या पानावर ठेवायची आणि वर ठळक लिहायचं, हा कुठल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे.

३. जबाबदारी पदाला द्या, व्यक्तीला नको. 'परीक्षेचं पान: विभागाचे परीक्षा समन्वयक' असं लिहा, कुणाचं नाव नको. माणूस बदलला तरी जबाबदारी खुर्चीसोबत राहते. लॉगिनही कुणाच्या खासगी जीमेलवर नको, विभागाच्या अधिकृत ईमेलवर हवं. आणि ज्याच्याकडे हे काम आहे, त्याच्या कामाच्या तासांत ते मोजलं गेलं पाहिजे.

४. पानांना रंग द्या. सगळी पानं सारख्या वेगाने शिळी होत नाहीत. प्रवेश, फी, वेळापत्रक, सूचना, शिक्षकांची यादी ही दुधासारखी. विभागाचा इतिहास लोणच्यासारखा, वर्षभर टिकतो. समजा १२ पानं लाल, ती दर महिन्याला तपासायची. १८ पिवळी, दर सत्राला. ३० हिरवी, वर्षातून एकदा.

एका पानाच्या तपासणीला १५ मिनिटं धरा. लाल पानांचे महिन्याला ३ तास, म्हणजे वर्षाला ३६. पिवळ्यांचे दोन सत्रांत मिळून ९ तास. हिरव्यांचे साडेसात. एकूण साडेबावन्न तास. वर्षात आठवडे ५२. म्हणजे आठवड्याला साधारण एक तास!

नवीन मजकूर लिहायला वेगळा वेळ लागेल, मान्य. पण "आहे ते बरोबर आहे का" एवढं बघायला आठवड्याचा एक तास पुरतो. मुलांचे पैसे आणि वर्ष वाचवणारा हा एक तास कुणाच्याच वेळापत्रकात नाही, ही खरी रड आहे.

५. कॅलेंडर शैक्षणिक वर्षाला बांधा. मार्च-एप्रिलमध्ये माहितीपुस्तिका आणि फी. जून-जुलैत प्रवेशाच्या तारखा, वेळापत्रक, नव्या शिक्षकांची नावं. ऑक्टोबरमध्ये परीक्षा. डिसेंबरमध्ये दुसरं सत्र. यूजीसीने वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्यासाठी जानेवारीची फेरीही आली.

"पण फी वेळेत ठरतच नाही, मग काय लिहायचं?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे: खरं ते लिहायचं. 'गेल्या वर्षीचं शुल्क इतकं होतं. नवं शुल्क ठरलं की याच पानावर येईल. हे पान अमुक तारखेला तपासलं.' अर्धवट माहितीसुद्धा प्रामाणिक असली तर उपयोगी पडते. जुना आकडा नवा असल्यासारखा ठेवणं मात्र फसवणूक होते, मग हेतू काहीही असो.

६. माहितीचं घर एकच ठेवा. फी मुख्य वेबसाइटवर असेल तर विभागाने ती उतरवून घेऊ नये, लिंक द्यावी. शिष्यवृत्तीचे निकष महाडीबीटीवर असतील तर तिथे पाठवावं. कॉपी केली की ती सांभाळायची जबाबदारीही आली.

७. पत्ता बदलू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका लेखात बजावलं होतं की चांगले वेब पत्ते बदलत नाहीत. आपण ऐकलं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. विभागांचंही तेच होतं. वेबसाइट नवी झाली की जुन्या लिंक मेल्या. मग माहितीपुस्तिकेवर छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की समोर '४०४'. नॅकच्या अहवालात दिलेल्या लिंकसुद्धा अशाच तुटतात. पान हलवावंच लागलं तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप नेणारं रीडायरेक्ट लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

मराठी पीडीएफचं वेगळंच दुखणं

हा मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा. मराठी सूचना पुष्कळदा छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून टाकल्या जातात. दिसायला ती सूचना असते, पण फोनसाठी तो नुसता फोटो असतो. त्यातला शब्द शोधता येत नाही, मजकूर कॉपी होत नाही, पाच इंची स्क्रीनवर झूम करकरून वाचावा लागतो. काही ठिकाणी युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असते. ती कॉपी केली की नुसती अक्षरांची खिचडी.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर ही भिंतच आहे. त्याच्या फोनमधलं स्क्रीन रीडर फोटोतला मजकूर नीट वाचू शकत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सुगम्यतेचे बंधनकारक नियम करायला सांगितलं. सरकारी वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची २०२३ ची तिसरी आवृत्तीही सुगम्यतेवर भर देते, शिवाय मजकूर कुणी मंजूर करायचा, कधी तपासायचा, संग्रहात कधी टाकायचा याचं लेखी धोरण मागते.

उपाय सोपा आहे. सही-शिक्क्याची पीडीएफ खुशाल ठेवा, पण तिच्या वर चार ओळी युनिकोड मराठीत लिहा: काय, कुणासाठी, शेवटची तारीख, कुठे अर्ज करायचा. एवढ्याने ती सूचना गुगललाही सापडते आणि स्क्रीन रीडरलाही वाचता येते.

"सगळं व्हॉट्सॲपवर येतंच की!"

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. येतं, पण कुणाला? जे आधीच ग्रुपमध्ये आहेत त्यांना. ज्याला अजून प्रवेश घ्यायचाय तो कुठल्या ग्रुपमध्ये असणार?

शिवाय 'परीक्षा पुढे ढकलली' अशा खोट्या सूचना फिरतात तेव्हा खरं-खोटं कुठे तपासायचं? अधिकृत वेबसाइटवर. आणि तीच महिनोन् महिने गप्प असेल तर तिथे सूचना नसण्याला काहीच अर्थ उरत नाही. सूचना खोटी आहे की अपलोड करायची राहिली आहे, कसं कळणार? वेबसाइट नियमित बदलत असेल तरच तिच्या गप्प राहण्यालाही किंमत येते.

काही जण म्हणतील, आता एआय चॅटबॉट बसवू, तो उत्तरं देईल. पण चॅटबॉटला खाऊ घालणार काय? तीच जुनी पानं. तो जुनी फी इतक्या ठामपणे सांगेल की शंकासुद्धा येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या माहितीसाठी जबाबदार धरलं. साध्या पानावरची माहिती असो की चॅटबॉटने दिलेली, वेबसाइटवर जे आहे त्याची जबाबदारी कंपनीचीच, असं तिथे ठरलं. प्रकरण कॅनडाचं असलं तरी त्यातला शहाणपणा आपल्याकडेही लागू पडतो. आधी पानं दुरुस्त करा, मग बॉट आणा.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

विभाग सुधारेल तेव्हा सुधारेल. फॉर्म भरायचाय आज. तेव्हा फोनवर या पाच गोष्टी करून बघा.

लिंकमधलं वर्ष बघा. बऱ्याच वेबसाइट वर्डप्रेसवर असतात. तिथे फाइलच्या पत्त्यात 'अपलोड्स' या शब्दानंतर सहसा वर्ष आणि महिना येतो. पानावर तारीख नसली तरी पत्त्यात २०२१ आणि ०७ दिसलं, तर ती फाइल जुलै २०२१ मध्ये चढवलेली आहे हे समजून जा.

गुगलचा फिल्टर वापरा. सर्च केल्यावर 'टूल्स'मध्ये जाऊन 'गेल्या वर्षातलं' निवडा. जुन्या सूचना बऱ्याच गळून जातात. पण पूर्ण भरवसा नको, कारण नव्याने चढवलेली जुनी फाइलही नवी दिसू शकते.

माहिती दोन ठिकाणी पडताळा. विभागाचं पान आणि विद्यापीठाचं मुख्य पान यांत फरक दिसला की दोन्हीचे स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख दिसेल असे. मग पैसे भरण्याआधी विभागाला ईमेल करा. फोनवर विचारलं तर हवेत जातं, ईमेल शिल्लक राहतो.

गायब झालेलं पान शोधा. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये पानाचा पत्ता टाकला की त्याच्या जुन्या प्रती दिसू शकतात. जुना अभ्यासक्रम, जुनी माहितीपुस्तिका तिथे सापडायची शक्यता असते. तुमच्या स्वतःच्या बॅचच्या अभ्यासक्रमाची प्रत मात्र आजच डाउनलोड करून डिजिटल जपून ठेवा.

चूक दिसली तर नेमकी कळवा. "तुमची वेबसाइट बेकार आहे" या वाक्याने काही होत नाही. "अमुक पानावर तमुक ओळीत मुलींची सवलत ५० टक्के लिहिली आहे, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ती १०० टक्के हवी" असं लिहा आणि निर्णयाची लिंक जोडा. विभागप्रमुखांना दुरुस्तीचा आयता मजकूर मिळाला की काम होण्याची शक्यता वाढते. तरीही झालं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, आणि माहिती अधिकाराचं कलम ४ आहेच.

शेवटी एक

५४ विद्यापीठांची यादी आली, चार दिवस चर्चा झाली, पुढेही अशा याद्या येतील. पण पुढच्या यादीत यूजीसीने एक रकाना वाढवावा असं मनापासून वाटतं: 'हे पान शेवटचं कधी आणि कोणत्या पदावरच्या व्यक्तीने तपासलं?' तो रकाना आला तर आठवड्याचा तो एक तास कुणाच्या तरी कामात लिहावाच लागेल.

तोवर एक छोटं काम करा. आज तुमच्या विभागाची वेबसाइट उघडा आणि फक्त तीन पानं बघा: फी, अभ्यासक्रम, शिक्षकांची यादी. एक तरी चूक सापडली तर आजच ईमेल टाका. पुढच्या जूनमध्ये कुठल्या तरी तालुक्याच्या गावाहून कुणीतरी त्या पानावर भरवसा ठेवून रात्रीची एसटी पकडणार आहे.